तालुक्यातल्या जपण्याजोग्या नैसर्गिक जागा (सडे, राया, तळ्या): यादी कशी करावी आणि खासगी जमिनीवर संरक्षण कसं मिळवावं?

सड्यावरचा

नमस्कार. राजापूर तालुक्यातल्या आठ गावांपुरती जपण्याजोग्या नैसर्गिक जागांची यादी करायचं चाललं आहे. जमलं तर पुढे तालुका, मग जिल्हा. या गावांत अभयारण्य नाही, सरकारी वन नावापुरतं. उरलंय ते कातळाचे सडे (जांभ्याची सपाट पठारं), देवराया, सड्यावरच्या तळ्या आणि वहाळाकाठचं रान. त्यातलं बरंचसं खासगी.

जागा यादीत घ्यायची की नाही हे कशावर ठरवायचं? 'झाडं किती' हा निकष लावला तर सडा पहिल्याच फेरीत बाद होतो. पाहणी कोणत्या महिन्यांत, किती वेळा, कशी करायची? आणि जमीन खासगी असेल तर कायद्यातलं नेमकं काय उपयोगी पडतं? ग्रामपंचायतींकडे लोकजैवविविधता नोंदवह्या (गावातल्या सजीवांच्या नोंदी) आहेत, पण तीन गावांच्या वह्यांत वनस्पतींची यादी अक्षरशः एकच आहे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

कातळफूल

पाहणीचं लिहितो, कायद्याचं जाणकार लिहितीलच.

आधी हंगाम ठरवा, कारण सड्याच्या बाबतीत निम्म्या चुका तिथेच होतात. एप्रिलात सडा म्हणजे काळपट दगड आणि करपलेलं गवत. प्रकल्पांच्या पर्यावरण आघात अहवालासाठी सहसा एकाच हंगामाची माहिती गोळा करतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. म्हणजे सडा ज्या चार महिन्यांत जिवंत असतो तेच नेमके वगळलेले. मग अहवालात 'खडकाळ, तुरळक गवत' असं छापून येतं आणि एप्रिलपुरतं ते खरंही असतं.

पहिली फेरी पाऊस लागल्यावर दहा-बारा दिवसांत मारा. दीपकाडी याच सुमाराला फुलते, पांढरी फुलं जेमतेम दोन आठवडे. नंतर कांदा जमिनीत आणि पानं गवतात. शोधायला गेलात तर पायाखाली येईल पण दिसणार नाही. दुसरी फेरी जुलैअखेर, डबक्यांसाठी: बेडकांची अंडी आणि पिल्लं, पाणवनस्पती. तिसरी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर: सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू (ही कीटक खाणारी वनस्पती), कवला. चौथी ऑक्टोबरच्या मध्याला, फक्त गवतांसाठी. कणीस नसेल तर गवत ओळखणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. पाचवी मे महिन्यात अर्धा दिवस, पाणी कुठे टिकलंय एवढंच बघायला.

सडा म्हणजे एक अधिवास नव्हे, हे दुसरं. उघडा कातळ, बोटभर मातीचा थर, माती भरलेले खळगे, पावसाळी डबकी, बारमाही तळी, सुट्या दगडांचे पट्टे, कडेची झुडपं, भेगा आणि विवरं असे निदान आठ प्रकार वेगळे काढा. प्रत्येक प्रकारात 1 मीटर × 1 मीटरच्या किमान पाच चौकटी, मोठ्या सड्यावर दहा. चौकट अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची करा: एकेक मीटरचे चार तुकडे, चार एल्बो. तीन एल्बो चिकटवा, चौथा नुसता बसवा, म्हणजे झुडपाभोवती चौकट उघडून सरकवता येते. पाइपवर दर 10 सेंटिमीटरला भोक पाडून दोरा ओवा, शंभर घरं होतात. एक घर म्हणजे एक टक्का. कोणत्या जातीनं किती टक्के जागा व्यापली हे मोजूनच लिहा. डोळ्यानं अंदाज केला की फुललेली जात हमखास दुपटीनं लिहिली जाते.

चौकट कुठे ठेवायची हे आधी नकाशावर ठरवून जा. जागेवर ठरवलं तर हात आपोआप फुलांकडे जातो आणि सगळ्या चौकटी गालिच्यात पडतात.

सुटे दगड उलटून बघायचेच, त्याखाली देवगांडूळ (बिनपायाचा उभयचर, गांडुळासारखा दिसतो), पाली, विंचू असतात. पण दगड आकडीच्या काठीनं आणि आपल्याकडे उचलायचा, म्हणजे आतला जीव पलीकडे निघतो. बोटं खाली घालायची नाहीत. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं (विषारी साप) हा काही क्वचितचा प्रकार नाही. बघून झालं की दगड त्याच बाजूनं, त्याच खाचेत परत. उलटा ठेवलेला दगड दोन दिवसांत वाळतो आणि खालचा ओलावा संपतो.

निकषांबद्दल: जातींची नुसती संख्या मोजू नका. घरामागच्या परसात शंभर जाती मिळतील, त्यातल्या बहुतेक कुठेही मिळणाऱ्या. मी चार गोष्टींना गुण देतो, प्रत्येकी 0 ते 3. इथल्याच पट्ट्यापुरत्या मर्यादित जाती किती. अधिवासाचे प्रकार किती. शेजारच्या नैसर्गिक जागेशी सलग आहे की तुटक. आणि जखमा किती (जास्त जखमा, कमी गुण), म्हणजे चिरेखाण, सुरुंग लावून केलेली कलमाची बाग, ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड, रस्ता. धोक्याला वेगळा रकाना ठेवा, या बेरजेत मिसळू नका. मिसळलं की बरी पण सुरक्षित जागा आणि उत्तम पण उद्या जाणारी जागा यांना सारखेच गुण पडतात, मग यादीचा उपयोग काय?

तळ्यांत देवभात आहे का जरूर बघा. भाताचा रानटी भाऊबंद आहे तो. पिकांच्या रानटी नातलगांचा मुद्दा जैवविविधता मंडळाकडे प्रस्ताव पाठवताना वजनदार ठरतो.

सातबारा_उतारा

फुलं बघायला जाण्याआधी तलाठ्याकडे जा, असं सुचवेन. जागा किती मोलाची हे पाहणीतून कळतं, पण तिथे करता काय येईल ते सातबाराच ठरवतो.

आठही गावांचे गटनकाशे भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या आणि आकारबंद (प्रत्येक गटाचं क्षेत्र आणि आकारणी दाखवणारी नोंद) बघा. सडा बहुतेक 'पोटखराबा' म्हणून नोंदलेला सापडेल. वर्ग अ म्हणजे खडकाळपणामुळे लागवडीला अयोग्य, वर्ग ब म्हणजे रस्ता, ओढा, स्मशान अशा सार्वजनिक कामाची. सड्याचा पहिला शत्रू हा शब्दच आहे. वर्ग अ जमीन फोडून, बाहेरून माती आणून लागवडीखाली आणली की नोंद बदलून घेता येते, म्हणजे सडा फोडणं हे कागदावर 'सुधारणा' ठरतं.

जागा कोणत्या खान्यात बसते ते असं बघा.

सरकारी जमीन असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 36अ खाली संवर्धन राखीव क्षेत्र होऊ शकतं. तिलारीचं 29.53 चौरस किलोमीटरचं क्षेत्र 2020 मध्ये असंच झालं. खासगी किंवा सामुदायिक जमिनीला 36क, समुदाय राखीव. पण त्यात मालक किंवा समुदाय स्वतःहून पुढे यावा लागतो, आणि एकदा अधिसूचना निघाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. हे वाक्य मालकांना पहिल्या दिवशीच वाचून दाखवा. नंतर कळलं तर सगळी बैठकच उधळते.

तिसरा मार्ग जैविक विविधता कायदा 2002, कलम 37: जैवविविधता वारसा स्थळ. राज्य शासन स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून ते जाहीर करतं. आठ गावांच्या कामाला मला हाच बरा वाटतो, कारण तुकडा लहान असला तरी चालतो. दोडामार्गातलं हेवाळे-बांबर्डेचं रानटी जायफळाचं दलदलीतलं रान 2.59 हेक्टर आहे. आंबोलीचं हिरण्यकेशीचं स्थळ 2.11 हेक्टर, तेही मंदिराच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशामुळे. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की लोकांच्या चालत आलेल्या वहिवाटीवर त्यांनी स्वतः ठरवलेल्याखेरीज बंधन येऊ नये. कमजोरी हीच की अभयारण्यासारखी मनाईची तयार यादी कायद्यात नाही. दात किती असतील ते व्यवस्थापन आराखड्यावर अवलंबून. आराखडा गुळमुळीत लिहिला तर प्रवेशाला एक पाटी लागते आणि बाकी काही होत नाही.

कागदांचा क्रम: ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची बैठक, ग्रामसभेचा ठराव, गट नंबर व चतुःसीमेसह नकाशा, प्रजातींची यादी, मालकांची संमती, मग नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे प्रस्ताव. समिती कागदावर असतेच, पण तिचे सदस्य कोण हे खुद्द सदस्यांनाही माहीत नसतं. आधी ती जागी करा.

कोकणातला खास अडथळा म्हणजे सामायिक खातं. एका गटावर तीस-चाळीस नावं, निम्मी मयत, वारस मुंबईत नाहीतर आणखी लांब. गावात राहणाऱ्या एकाच भावाच्या सहीवर संमती दाखवली तर पहिल्याच हरकतीत प्रस्ताव लटकतो. आधी वारसनोंदी, मग संमती. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी गावात असतात, सह्यांचे दिवस तेच.

पाणवठा

सातबारा_उतारा यांचं बरोबर आहे, पण तळ्या आणि डबकी यांचं वेगळं सांगावं लागेल.

इस्रोच्या पाणथळ नकाशासंग्रहात 2.25 हेक्टरपेक्षा लहान पाणथळी नुसत्या टिंबांनी दाखवल्यात, त्यांची हद्द आखलेली नाही. सड्यावरच्या जवळपास सगळ्या तळ्या त्याहून लहान. 'तुमची तळी नकाशात नाही' असं उत्तर आलं तर गप्प बसू नका. 2017 च्या पाणथळ नियमांत किमान क्षेत्रफळाची अट नाही. मात्र भातखाचरं, नदीचं पात्र आणि पिण्याचं पाणी, सिंचन, मीठ किंवा मत्स्यशेतीसाठी माणसानं बांधलेले जलसाठे त्यांतून वगळलेले आहेत. म्हणून तळी खोदलेली की नैसर्गिक हे नीट लिहा. गुरांसाठी एका बाजूला दगडी बांध घातलेली नैसर्गिक तळी कुणी 'मानवनिर्मित' म्हणून सरळ उडवू शकतो.

तळीची हद्द आखताना पाण्याची कड धरू नका, पाणी जिथून येतं तो सगळा उतार धरा. सड्यावर उतार डोळ्यांना दिसत नाही, इतका सपाट असतो. जोराच्या सरीनंतर पंधरा मिनिटांत वर जा आणि पाण्याची धार कुठे वळते तिथे चुन्याची खूण करा. गाडीवाटेच्या कडेला जेसीबीनं मारलेला फूटभर खोल चर पूर्ण तळीचं पाणी दुसऱ्या वहाळात घालवतो. तळी बुजवलेली नसते, कुणी हातही लावलेला नसतो, पण तिसऱ्या पावसाळ्यात तिथे रानमोडीचं तण उगवलेलं असतं.

आणखी एक नोंद फार कामाची: सड्याच्या पायथ्याच्या वाडीतल्या दोन-तीन विहिरी निवडा, जानेवारी ते मे दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी मोजा. दोरीला वजन, कठड्यावर रंगाची खूण, त्याच खुणेपासून मापायचं. पंपानं उपसा झाल्यावर मापलं तर आकडा खोटा, म्हणून पहाटे. जांभा सच्छिद्र, पाणी वरून मुरतं आणि खाली झऱ्याला लागतं. ग्रामसभेत दवबिंदूच्या फोटोनं जे होत नाही ते विहिरीच्या दोन वर्षांच्या आकड्यांनी होतं.

सड्यावरचा

खूप उपयोगी. दोन अडचणी राहतात. 'वारसा स्थळ' म्हटलं की लोक म्हणतात, आता इको-सेन्सिटिव्ह करणार, घरावर कौलं बदलायलाही परवानगी लागणार. आणि देवरायांचं काय? त्यांची ना हद्द लिहिलेली, ना मालकी स्पष्ट.

रायवाट

पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा 31 जुलै 2024 चा आहे, त्यात गावांची यादी आहे. तुमची आठ गावं तिच्यात आहेत की नाहीत ते आधी छापून भिंतीवर लावा. ते क्षेत्र पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकार अख्ख्या गावाचं जाहीर करतं. वारसा स्थळ ग्रामसभेच्या ठरावापासून सुरू होतं आणि ठरलेल्या गटांपुरतंच असतं. एवढा फरक फळ्यावर लिहून दाखवला तर निम्मी कुजबुज थांबते. उरलेली थांबत नाही, तिला वेळ द्यावा लागतो.

देवरायांसाठी: सर्वोच्च न्यायालयानं 18 डिसेंबर 2024 च्या निकालात राजस्थानच्या ओरणांना (तिथल्या देवरायांना) वन मानून समुदाय राखीव करायला सांगितलं आणि देशभरातल्या देवरायांसाठी धोरण आखण्याची शिफारस केंद्राला केली. प्रस्तावाला हा निकाल जोडा. मालकी मात्र गटागटानं बघावी लागेल: कुठे देवाचं नाव, कुठे देवस्थान समिती, कुठे शासन, कुठे खोतांचे वंशज. सातबाराच्या इतर हक्कात काय आहे तेही वाचा.

हद्दीसाठी गुरव, मानकरी आणि गुरं राखणारा एखादा जुना माणूस यांना एकत्र चालवा, जीपीएस चालू ठेवून. गर्द झाडीखाली 10 ते 15 मीटरची चूक सहज येते, म्हणून कोपऱ्याच्या प्रत्येक खुणेवर दोन-तीन मिनिटं थांबून सरासरी घ्या. क्षेत्रफळ संगणकावर काढताना नकाशा आधी यूटीएम झोन 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत आणा. अक्षांश-रेखांशाच्या अंशांत ठेवून काढलेला आकडा निरर्थक येतो, आणि तोच प्रस्तावात गेल्याचं दिसतं. ऑनलाइन गटनकाशा उपग्रहचित्रावर ठेवला तर तोही वीस-तीस मीटर सरकलेला असू शकतो. वाद असेल तिथे सरकारी मोजणीच लागते.

राईत 20 × 20 मीटरच्या चौकटीत 30 सेंटिमीटरहून जास्त घेराची सगळी झाडं मोजा. घेर जमिनीपासून 1.3 मीटरवर. सातविणीसारख्या पाखाड्या (बुंध्याला फुटलेले आधाराचे पंखे) असलेल्या झाडाला पाखाड्यांच्या वर, नाहीतर नुसत्या पाखाड्यांचा घेर लिहिला जातो. पण खरी परीक्षा खाली आहे: त्याच चौकटीच्या चार कोपऱ्यांत 1 मीटरच्या चौकटी ठेवून रोपं मोजा. वर शंभर वर्षांचे बेहडे आणि खाली एकही रोप नाही, अशी राई उभ्या उभ्या मरत असते. कारण बहुधा 'साफसफाई': जीर्णोद्धारानंतर सभामंडपाभोवती पेव्हर ब्लॉक, पाचोळा जाळणं, गारंबीच्या वेली तोडणं. ढोलीची जुनी झाडं वेगळी टिपा, धनेशाला दुसरं घर नाही.

आराखड्यात 'वृक्षारोपण' हा शब्द येऊ देऊ नका. राईत शोभेची झाडं येतात आणि सड्यावर खड्डे.

कातळफूल

यावर भर घालतो. सड्यावर कुंपण आणि चराईबंदीही डोळे मिटून लिहू नका. साताऱ्याच्या कास पठाराला कुंपण घातलं आणि पुढे ते काढावं लागलं. गुरं थोडीफार चरली नाहीत तर उंच गवत माजतं आणि त्याखाली गेंद, आसवं यांना ऊन मिळत नाही. चराई किती आणि कोणत्या महिन्यांत हे गुराख्यांबरोबर बसून ठरवा. बंद करायचंय ते सुरुंग, माती भरणं, खणणं आणि वणवा.

आणि यादी जशीच्या तशी इंटरनेटवर टाकू नका. सडा, राई, तळी यांची नावं आणि ढोबळ जागा जाहीर करायला हरकत नाही, पण कंदवर्गीय दुर्मिळ वनस्पती, ऑर्किड आणि देवगांडुळांची नेमकी ठिकाणं ठेवा समितीकडे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ठिकाण 'अस्पष्ट' करा, मग ते साधारण 20 किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी दिसतं. मात्र तोच फोटो व्हॉट्सॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर आतले अक्षांश-रेखांश तसेच जातात. हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तुमच्या त्या तीन सारख्या वह्यांचं कारणही सांगतो. हरित न्यायाधिकरणानं 31 जानेवारी 2020 ही मुदत दिली होती, पुढे राज्याला महिन्याला 10 लाखांचा भुर्दंड. मग देशभर वह्या घाईनं भरल्या गेल्या. वही फेकू नका, ती अद्ययावत करता येते. तुमच्या पाहणीची पानं समितीच्या ठरावानं तिच्यातच जोडा. वेगळा अहवाल कपाटात जातो, नोंदवही दप्तरात राहते.

सड्यावरचा

आमच्या एका सड्यावर कातळशिल्पं आहेत. त्याचा काही आधार?

सातबारा_उतारा

आहे, पण मर्यादित. कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत; कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ ही तुमच्याच तालुक्यातली. तुमचा सडा त्यांपैकी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात पहिल्या ओळीत तेच लिहा. मात्र पुरातत्त्वाचं संरक्षण चित्राभोवतीच्या तुकड्याला मिळतं, शंभर मीटर पलीकडची तळी त्यात येत नाही. म्हणून वारसा स्थळाच्या प्रस्तावात शिल्पाचा गट आणि तळीचा पाणलोट एकाच चतुःसीमेत घ्या.

ठरावाचा मसुदा विचारणार असाल तर हा घ्या, गट नंबर तुमचे घाला:

'मौजे … येथील गट क्र. …, एकूण क्षेत्र … हेक्टर, सोबतच्या नकाशात दर्शविलेली जागा ही जैविक विविधता कायदा 2002, कलम 37 अन्वये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करण्याची शिफारस ही ग्रामसभा करीत आहे. सदर जागेतील गुरे चारणे, तळीचे पाणी वापरणे, देवकार्य व पायवाट या वहिवाटी पूर्ववत चालू राहतील. सुरुंग लावणे, चिरे काढणे, बाहेरील माती भरणे, चर खोदणे व आग लावणे यांस ग्रामसभेची हरकत आहे.'

'हरकत आहे' हेच शब्द ठेवा. 'टाळावे' लिहिलं तर खाणपट्ट्याच्या फाइलीत त्याला किंमत राहत नाही. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि तहसीलदार यांच्याकडे आवक क्रमांक घेऊन द्या, मंडळाच्या उत्तराची वाट न बघता. चिऱ्याचे परवाने पावसाळा सरला की सुरू होतात, त्यामुळे ग्रामसभा 15 ऑगस्टचीच धरा.